घरून कळवलेली साखर

आई : आणि वर तोंड करून मला सांगतो काय, तर राँग नंबर होता! एकदा नाही, दर वेळी राँग नंबर. मी म्हटलं, अरे, राँग नंबरशी कुणी गॅलरीत जाऊन, दार ओढून घेऊन, दबक्या आवाजात बोलतं का? तर म्हणतो, आई, तू आपली झोप.

नर्स : आजी, जरा हळू. बाहेर पेशंट बसलेत.

आई : बसू देत. त्यांनाही कळू दे पोटचा पोरगा कसा असतो ते. आणि आजी कुणाला म्हणतेस गं? तुझे केस माझ्यापेक्षा जास्त पिकलेत. तू रंगवतेस, मी रंगवत नाही, एवढाच फरक.

नर्स : बरं, बाई म्हणते. बाई, तुमच्या कार्डावर मोबाइल नंबर तुमच्या मुलाचा आहे, त्यामुळे दवाखान्याचा फोन त्यालाच जाणार. मीच बोलले त्याच्याशी. म्हटलं, आईला घेऊन या, अर्ध्या तासाचं काम आहे. तर म्हणाला, आई बाहेरगावी गेलीये.

आई : बाहेरगावी? मी समोरच्या फुटपाथवर सुद्धा कामाशिवाय जात नाही.

नर्स : पुढच्या वेळी म्हणाला, आईला हल्ली ऐकू येत नाही, तुमचे प्रश्न तिला कळायचे नाहीत.

आई : मला ऐकू येत नाही? शेजारणीने मनात शिवी दिली तरी मला ऐकू येते! काल भाजीच्या दुकानात तू भेटलीस म्हणून तरी कळलं, नाहीतर मी अशीच बहिरी होऊन बाहेरगावी बसले असते. आता सांग, काय हवंय माझ्याकडून? मी खडखडीत आहे.

नर्स : तेच तर विचारायचंय. बसा आधी. त्या खुर्चीत नको, ती डुलते. ही घ्या. हे बघा, एक अभ्यास चाललाय. या भागातल्या सगळ्या लहान दवाखान्यांतल्या जुन्या नोंदी एकत्र करून बघतायत, की साखर असलेल्या माणसांपैकी कुणाची मूत्रपिंडं बिघडतात, कुणाची नाही, आणि बिघडायच्या आधी काय दिसतं. म्हणजे पुढच्या माणसाला वेळेत धरता येईल.

आई : आणि माझ्या नोंदी दिल्यास त्यांना? मला न विचारता?

नर्स : सूचना लावलीये की. ज्यांना नको असेल त्यांनी सांगावं म्हणून. ती काय, कोपऱ्यात, वर.

आई : त्या पंख्याच्या मागे? मी काय पाल आहे भिंतीवर फिरायला?

नर्स : मी डॉक्टरांना म्हटलं होतं खाली लावा म्हणून. माझं कोण ऐकतंय इथे. पण तुमचं नाव नाही हो गेलं. नाव, पत्ता, सगळं काढून टाकतात. त्यांच्याकडे फक्त एक आकडा असतो.

आई : म्हणजे मी आकडा?

नर्स : त्यांच्यापुरता.

आई : छान. तरुणपणी अमक्याची बायको, मग तमक्याची आई, आणि आता म्हातारपणी आकडा. नावाने हाक मारायची म्हणून कुणी मारली नाही आजवर.

नर्स : बाई, ऐका ना. तर त्या आकड्याने त्यांना कोड्यात टाकलंय. त्यांचं पत्र आलंय दवाखान्याला, की या पेशंटची नोंद पुन्हा तपासून बघा. कारण या बाईची साखर इतकी वर्षं इतकी वाईट, आणि मूत्रपिंडं एखाद्या तरुण मुलीसारखी. असं सहसा होत नाही. त्यांना वाटतंय, तुमच्या अंगात काहीतरी वेगळं असेल. ते सापडलं तर पुष्कळांचं भलं होईल.

आई : वेगळं आहेच! लिहून घे. पहाटे उठते, स्वतःचे कपडे स्वतः धुते, उगाच कुणाच्या घरी बसायला जात नाही. आमच्या ह्यांचा पाय गेला साखरेने, ते स्वतःही गेले. पण मी तेव्हाच सगळ्यांना सांगितलं होतं, माझ्या मुलांच्या अंगात रक्त माझं आहे. येऊन बघा म्हणावं त्या पत्रवाल्यांना.

नर्स : येतीलही. पण त्याआधी मला एक खात्री करून घ्यायचीये. डॉक्टरांनी तुमच्या नोंदीत लिहिलंय...

आई : काय लिहिलंय?

नर्स : ते महत्त्वाचं नाही.

आई : महत्त्वाचं नाही तर लिहिलं कशाला? फिरव तो स्क्रीन माझ्याकडे. मला वाचता येत नाही असं समजू नकोस. सावकाश येतं, पण येतं.

नर्स : राहू द्या, मी वाचते. ‘रुग्ण फक्त तपासणीच्या आधी पथ्य पाळते. एरवी पाळत नाही. गोळ्यांबाबतही शंका.’

आई : काय? शंका? माझ्यावर? त्या काल शिकून आलेल्या पोराने? ज्याला मी ओळखते तेव्हापासून त्याच्या शर्टाचं वरचं बटण तुटलेलं आहे, त्याने माझ्यावर शंका घ्यावी?

नर्स : त्यांचंही काय चुकलं, बाई? इथे येऊन रक्त दिलं की तुमचं सगळं छान. आणि घरून फोनवर कळवता ते आकडे भयंकर. मग त्यांनी दुसरं काय समजायचं?

आई : मी कुठे काय कळवते?

नर्स : घरच्या यंत्रावर बोट टोचून मोजता ती साखर. दर पंधरवड्याला कळवतो ना तुमचा मुलगा. बघा, ही रांगच आहे इथे. त्यावरूनच तर औषध वाढवत नेलंय.

आई : ते यंत्र माझ्या कपाटात पडून असायचं. वर्षं झाली मी हात लावला नाही त्याला. आणि औषध कसलं वाढवलं? सकाळी एक पांढरी गोळी, तीही अर्धी. कधीपासूनची तीच आहे.

नर्स : अर्धी?

आई : अर्धी. मुलगा स्वतः तोडून देतो.

नर्स : बाई, इथे तीन प्रकारच्या गोळ्या आहेत, सकाळ-संध्याकाळ. आणि मागच्या महिन्यापासून टोचायचं औषधसुद्धा.

आई : मला? मला शेवटचं टोचलं ते कान टोचले तेव्हा.

नर्स : हे सगळं तुम्ही खरंच घेत असता तर चक्कर येऊन कधीच पडला असता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण इथे एक माणूस गेला की दुसरा समोर उभा. तो गणवेशात यायचा, घाईत, बस तिकडे उभी करून. पिशवी घेऊन जायचा. आम्ही आपसांत म्हणायचो, काय आईची काळजी घेतो बघा.

आई : थांब. कळलं. सुनेचं काम आहे हे.

नर्स : सुनेचं?

आई : तिच्या बापाला साखर आहे. माझ्या नावावर औषध काढायचं आणि माहेरी पोहोचवायचं. नवरा काय, तिच्या मुठीत. हा फोन लावून दे मला. ते हिरवं चित्र दाब. हां... हॅलो? मी बोलतेय. मी म्हणजे कोण, तुझी सासू!... दवाखान्यातून. हो, त्याच. का, दुसरा आहे का आपला?... ऐक, माझ्या नावाची औषधं तुझ्या बापाकडे जातात का?... ओरडू नकोस. विचारलं फक्त... बरं, नाही जात. मग जातात कुठे?... बोल की. एरवी तर थांबत नाहीस... काय?... पुन्हा सांग... फ्रिजमध्ये कुठे?... लोण्याच्या डब्यात. मी तो डबा उघडत नाही म्हणून. हुशार आहात दोघं... कधीपासून?... अगं, रडतेस कशाला?... त्याने शपथ घातली आणि तू पाळलीस. माझ्या शपथा मात्र कधी पाळल्या नाहीस... नाही, नाही रागावले. ठेव फोन. ठेव म्हटलं ना. आणि त्याला कळव, त्याची आई बाहेरगावाहून आलीये. दवाखान्यात बसलीये.

नर्स : पाणी देऊ, बाई?

आई : नको. पाणी तो प्यायचा. उभ्या उभ्या अख्खी बाटली रिकामी करायचा. मी म्हणायचे, बसमध्ये घाम जातो रे, पी.

नर्स : म्हणजे साखर त्याची आणि मूत्रपिंडं तुमची. एका आकड्यात दोन माणसं बसवली.

आई : त्याच्या मूत्रपिंडांचं काय मग?

नर्स : कुणी तपासलीच नाहीत. ज्यांच्या नोंदीत साखर आहे त्यांचीच आम्ही तपासतो. मूत्रपिंडं, डोळे, पाय, दर वर्षी. त्याच्या नावावर बघा काय आहे. एकदा घोटा मुरगळला होता. बस्स. आमच्या हिशेबी हा माणूस ठणठणीत.

आई : आणि मी मरायला टेकलेली.

नर्स : आणि तो अभ्यास! तुमच्याकडे बघून उद्या कुणी म्हटलं, की एवढी साखर असूनही मूत्रपिंडं टिकतात, तर? माझा जीव जातो हो या नोंदी भरता भरता. रोज दुपारचा डबा स्क्रीनसमोर खाते मी. वाटायचं, कुठेतरी उपयोगी पडतंय. आणि हे असं.

आई : माझ्यावर का ओरडतेस?

नर्स : तुमच्यावर नाही. कुणावर ओरडू ते सांगा, त्याच्यावर ओरडते.

(दार ढकलून मुलगा आत येतो. अंगावर बसचालकाचा गणवेश, हातात टोपी.)

मुलगा : आई, चल घरी.

आई : या. राँग नंबर आले.

मुलगा : आई, इथे तमाशा नको. बाहेर बोलू. माझी दुसरी फेरी आहे, मी सुपरवायझरला दहा मिनिटं मागून आलोय.

आई : दहा मिनिटं? मला आकडा करायला वर्षं लागली तुला, आणि निस्तरायला दहा मिनिटं?

मुलगा : तिने सांगितलं ना तुला सगळं. मग आता काय राहिलं?

नर्स : राहिलंय खूप. दादा, तुम्ही फोनवर मला आईची साखर सांगायचात. मी विचारायचे, चक्कर येते का, तहान लागते का. तुम्ही सगळ्याची उत्तरं द्यायचात. ती कुणाची होती?

मुलगा : खरी होती. आकडा एकही खोटा नाही सांगितला. हवं तर यंत्र बघा.

नर्स : आकडा खरा आणि माणूस खोटा! मी काय करू त्या खऱ्या आकड्याचं?

मुलगा : ताई, तुम्हाला माहीत नाही डेपोत कसं असतं. दर वर्षी दवाखान्यातल्या नोंदीचा कागद मागतात. साखर दिसली की मोठी गाडी हातातून गेली. मग बसा तिकिटांच्या खिडकीत, नाहीतर गाड्या धुवा.

नर्स : सगळ्यांची काढून घेत नाहीत. साखर ताब्यात असली, तपासण्या नीट असल्या, तर चालवता येते. पण लपवलेली कळली तर मग कुणी ऐकून घेत नाही.

मुलगा : म्हणूनच तर कळायला नको ना! किती वर्षं चाललं नीट. कुणाचं काय बिघडलं? आईला तिची गोळी मिळत होती, मला माझी. औषध फुकट नाही घालवलं एक.

आई : वा! हिशेब चोख आहे. मला का नाही सांगितलंस?

मुलगा : तुला?

आई : मला. मी काय डेपोची सुपरवायझर आहे?

मुलगा : त्याच्यापेक्षा तुझीच भीती जास्त वाटायची. बाबांचा पाय कापला तेव्हा दारात येणाऱ्या प्रत्येकाला तू काय सांगायचीस? ह्यांनी पथ्य केलं नाही, ह्यांना जिभेवर ताबा नव्हता. आणि माझ्या पाठीवर थाप मारून, हा बघा, हा माझ्यावर गेलाय. बाबा आतल्या खोलीत ऐकत असायचे.

आई : माझ्यावर ढकलू नकोस.

मुलगा : ढकलत नाहीये. तू विचारलंस म्हणून सांगितलं.

आई : चौकात माझा मुलगा बस थांबवायचा तेव्हा मी मुद्दाम उभी राहायचे. लोकांना दिसावं म्हणून. ते तुला दिसलं नाही, बरं का. तुला फक्त माझं बोलणं ऐकू आलं.

मुलगा : दिसायचं, आई. म्हणून तर.

नर्स : दादा, तुम्ही असे का उभे आहात? सगळा भार एका बाजूला टाकून?

मुलगा : बूट चावतो. नवा आहे.

आई : नवा? हाच बूट गेल्या वर्षी मी चांभाराकडून आणला होता शिवून. काढ.

मुलगा : आई, मला उशीर होतोय.

आई : काढ म्हटलं ना. का मी वाकून काढू?

मुलगा : घे. काढला. झालं समाधान?

नर्स : मोजा ओढू नका! थांबा. चिकटलाय तो. अहो, टाचेला हे कधीचं चिघळलंय?

मुलगा : माहीत नाही. दुखत नाही ते.

नर्स : दुखत नाही?

मुलगा : अजिबात. म्हणून लक्ष गेलं नाही.

आई : ह्यांचंही दुखत नव्हतं.

नर्स : दादा, हा ब्रेकवरचा पाय आहे ना? ब्रेक दाबलेला तरी कळतो का तुम्हाला?

मुलगा : सवयीने कळतो.

नर्स : सवयीने! बसा. आधी हे साफ करून पट्टी बांधते, मग डॉक्टर बघतील. आज बस नाही. आणि मला नोंद करावी लागेल. जखम, साखर, सगळं. कुणाच्या नावावर लिहू?

मुलगा : ताई...

नर्स : विचारतेय मी. कुणाच्या नावावर?

मुलगा : आईच्या नाही का लिहिता येणार? फक्त आजचा दिवस. माझं मी पुढच्या महिन्यात व्यवस्थित करतो. डेपोची तपासणी या आठवड्यात आहे, तेवढी जाऊ दे. आई, तू सांग ना यांना. तू एवढंच म्हण, की गोळ्या मीच घेते. आकडे माझेच आहेत. तू म्हटलंस तर कोण खोटं पाडणार?

आई : म्हणजे मी ती नवलाईची बाई. साखर आभाळाला टेकलेली, मूत्रपिंडं तरुण मुलीसारखी, आणि टाचेला जखम, ती मात्र तुझ्या पायात.

मुलगा : थट्टा करू नकोस गं. बस गेली तर मी कोण आहे? चाळिशी उलटली, दुसरं काय येतं मला? मुलं काय सांगतील शाळेत, बाबा गाड्या धुतात?

आई : सांगू देत.

मुलगा : तुला चालेल? तुला? चौकात उभी राहायचीस ना?

आई : नाही उभी राहणार. गुडघे दुखतात. बाई, लिही. त्याच्या नावावर लिही, ठळक लिही. आणि माझ्या नोंदीतलं जे जे त्याचं आहे ते काढून त्याच्याकडे टाक. त्या पत्रवाल्यांनाही कळव, तुमची नवलाई खोटी निघाली म्हणावं, म्हातारीला अर्धी गोळी पुरते.

नर्स : काढून नाही टाकता येत, बाई. खाली दुरुस्ती लिहावी लागते. हे आकडे मुलाचे, असं.

आई : मग तसं लिही. त्या बटण तुटलेल्यालाही सांग, शंका मागे घे म्हणावं.

मुलगा : आई, तू माझी रोजीरोटी लिहायला सांगतेयस तिला.

आई : तुझ्या गाडीत किती माणसं बसतात रे?

मुलगा : ते कशाला आता?

आई : तुझी बायको बसते. पोरं बसतात शाळेला जाताना. मीही बसते, पुढच्या सीटवर, तुला दिसेन अशी. ब्रेक तुला कळत नाही, आणि आम्ही सगळे तुझ्या भरवशावर बाहेर बघत बसलेलो. 

मुलगा : आजवर एक ओरखडा नाही गाडीला.

आई : मोज्याकडे बघ तुझ्या.

नर्स : दादा, पाय वर घ्या या स्टुलावर. दुखलं तर सांगा. दुखलं तर मला आनंदच होईल.

मुलगा : आई, एकदा विचार कर.

आई : केला. घरून निघाले तेव्हा ठरवून आले होते, सगळ्यांसमोर तुला खोटारडा म्हणायचं. पण खोटारडा तू नाहीस. खोटारड्याने आकडेही खोटे सांगितले असते. तू भित्रा आहेस. बापाच्या पायाला भ्यालास, डेपोला भ्यालास, मला भ्यालास. भित्र्याला मी घरात जेवू घालीन, जन्मभर घालीन. बस चालवू देणार नाही. पाय पुढे कर, ती थांबलीये.